राखेतून निघालेला जास्तीचा रोडगा

आधीच सांगून ठेवते, मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. या सदरातले पांढऱ्या साडीतल्या बाईचे अनुभव मी वाचते ते फक्त हसायला. घरात कुणाची नजर उतरवायला मीठ-मोहऱ्या निघाल्या की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, तुझ्यापुढे भूत उभं राहिलं तर बिचाऱ्याचीच उलटतपासणी होईल. त्यामुळे हे लिहू की नको, लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले... पण जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं. आता तुम्ही हसा.

आमची बी.एस्सी.ची बॅच वाशीमची. मागच्या मे महिन्यात गेट-टुगेदर ठरलं. ठरवणारा प्रकाश — रिसोडला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि तोंड बंद ठेवणं त्याला कॉलेजातही जमलं नाही, आजही जमत नाही. शनिवारी वाशीमला जमायचं, संध्याकाळी शिरपूरला जाऊन यायचं, आणि रविवारी केनवडला दिलीपच्या शेतात रोडग्यांचं जेवण.

शेत दिलीपचं, पण दिलीप नाही. तो आमच्याच वर्गातला. नोकरी मिळेना म्हणून बोअरवेलच्या गाडीवर सुपरवायझर होऊन तमिळनाडूकडे गेला आणि सात-आठ वर्षांपूर्वी त्याचा फोन बंद झाला तो झालाच. पोलीस झाले, पेपरात फोटो छापून झाला, धाकटा भाऊ संतोष दोनदा तिकडे हिंडून आला. काही पत्ता नाही. लग्न झालेलं नव्हतं. घरी फक्त माय आणि संतोष. ती आम्हा सगळ्यांचीच माय. कॉलेजात असताना तिच्या हातचा डबा एसटीनं वाशीमला यायचा आणि दिलीपच्या हाती लागायच्या आत आम्ही फस्त करायचो.

रविवारी सकाळी केनवडला जाताना गाडीत प्रकाश अचानक गप्प झाला. मी म्हटलं, "काय रे, तब्येत बरी आहे ना?"

"अर्चे, तुले सांगतलं नाई," तो म्हणाला. "येत्या अवसेले दिलीपचे दिवस करून राह्यले. कणकेचा पुतळा करून त्याले अग्नी देनार. नातेवाईक लई मागं लागले होते. माय एवढे वर्ष नाई म्हने, आता थकली बिचारी."

मागच्या सीटवर नंदा होती, केनवडला निघालेल्या आम्हा तिघांतली तिसरी. ती वाशीमला नर्स आहे. ती म्हणाली, "मंग आपल्याले कायले बोलावलं?"

"मायच म्हने, त्याचे दोस्त एकडाव येऊ द्या. त्याच्या नावानं रोडगे खाऊ द्या, मंग जे करायचं ते करा."

मला राग आला. प्रकाशचा, नातेवाइकांचा, सगळ्यांचाच. जेवायला म्हणून निघालो आणि हे काय... पण गाडी फिरवून परत जाणार कुठे? मायला काय सांगणार?

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. रोडगा म्हणजे जाड्याभरड्या कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या विस्तवात राखेखाली भाजलेला. भाजला की राख झटकायची, कुस्करायचा, वर तुपाची धार आणि सोबत वांग्याची भाजी. बाटी म्हणू नका, आमच्याकडे भांडण होतं. कॉलेजात असताना आमचं एनएसएसचं शिबिर केनवडलाच झालं होतं, आणि तेव्हापासून आमच्या बॅचची एक पद्धत पडली होती. ज्याचा रोडगा त्यानंच वळायचा, त्यावर आपली खूण दाबायची आणि ओरडायचं — "हे माह्यं!" म्हणजे दुसऱ्यानं चांगला भाजलेला पळवू नये. माझी खूण दोन नखांची. माझा रोडगा हमखास आतून कच्चा राहायचा, त्यामुळे तो कुणी पळवायच्या भानगडीत पडत नसे.

दिलीपची खूण कुणालाच जमण्यासारखी नव्हती. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात त्याच्या डाव्या अंगठ्याचं टोक गेलं होतं. उरलेला अंगठा बोथट, आणि त्याच्या एका कडेला नखाचा एवढासा टणक कोंब. तो दाबला की कणकेत बोराएवढा गोल खळगा उठायचा आणि खळग्याच्या काठाला बारीकशी चीर. "कंपनीचा शिक्का हाय, डुप्लिकेट होत नाई," असं तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

आंब्याखाली माय बसली होती. केवढीशी झाली होती! मी पाया पडायला वाकले तर माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "कावून वं, किती वाळली? शाळेतले पोरं रगत पेतात काय तुहं?" मी हसले आणि लगेच डोळे भरून आले. तिनं काही मुद्दाम दुःखाचं बोलणं केलंच नाही. कणीक भिजवून ठेवली होती. म्हणाली, "चाला, हात धुवा. जसे तवा करत होते, तसेच करा."

आम्ही केलं. आपापले गोळे वळले. मग प्रकाशनं गोळ्यावर बोटं दाबली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "हे माह्यं!" आणि मग आम्ही सगळेच कॉलेजातले झालो. मायनं चार बोटं उठवली, संतोषनं काडीनं फुली मारली. पाचही रोडगे एकेक करून विस्तवात ठेवताना मी शेजारीच उभी होते, कारण यंदा माझा कच्चा राहू द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. संतोषनं वरून राख आणि निखारे ओढले. मेची दुपार, त्यात तो विस्तव... जवळ जायची कुणाची छाती नव्हती. आम्ही आंब्याखाली, विस्तव डोळ्यांसमोर, मध्ये उघडं रान. मी हे सगळं का सांगतेय ते तुम्हाला कळेल.

रोडगे निघाले. प्रकाश काठीनं एकेक ओढत होता, फडक्यानं राख झटकत होता आणि ज्याचा असेल तो ओरडून घेत होता. माझा, नंदाचा, मायचा, संतोषचा, त्याचा स्वतःचा... सगळे आपापल्या पानात आले. प्रकाशनं राखेत काठी पुन्हा फिरवली आणि म्हणाला, "अरे, एक राह्यला. कोनाचा हाय?"

ज्याच्या त्याच्या पानात ज्याचा त्याचा होता.

त्यानं फडक्यानं राख पुसली आणि त्याचा हात थांबला. मी उठून गेले. रोडग्याच्या मधोमध बोराएवढा गोल खळगा होता आणि काठाला बारीकशी चीर.

माझी पहिली प्रतिक्रिया काय असावी? मी भडकले. "कुणी केला हा चावटपणा? एका आईच्या जिवाशी खेळता? लाज नाही वाटत?" प्रकाशनं पोरांची शपथ घेतली. माझा विश्वास बसला नाही. उरलेली कणीक मी परातीत थापली आणि सगळ्यांना एकेक करून अंगठे दाबायला लावले. प्रॅक्टिकलच घेतलं म्हणा ना. कुणाचं नख उठलं, कुणाच्या रेषा उठल्या. मी बोटाचं पेर दाबून पाहिलं, बाटलीचं झाकण दाबून पाहिलं, काठीचं टोक, बोराची आठोळी... गोल आला तर चीर येईना, चीर आली तर गोल बिघडे. मी घामाघूम झाले होते आणि परातीतल्या कणकेवर नव्या खुणेला जागा उरली नव्हती.

"अर्चे, बस कर," नंदा हळूच म्हणाली. "मायकडं पाह्य."

माय रोडगा मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. पदरानं खुणेतली राख काढत होती, एखाद्या पोराचं नाक पुसावं तशी. मग म्हणाली, "तूप आना. गरम हाय तवरच खा लागते."

तिनं कडेकडेचा रोडगा मोडून खाल्ला आणि मधला खुणेचा तुकडा पदरात बांधला. मग संतोषला म्हणाली, "पुतळा करू नको."

"माय, असं काय करतं? लोकायले काय सांगू? समदे येनार हायेत..."

"सांग, माय येडी झाली. जित्या मानसाचे दिवस करत नसतात."

संतोष रागानं बांधाकडे निघून गेला. मलाही राहवेना. मी मायजवळ बसले आणि तिला समजावलं की अशा खुणेवर एवढी आशा बांधू नको, नंतर फार त्रास होईल. तिनं माझ्या पानाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुहा रोडगा अजून कच्चाच हाय वं." बस, एवढंच. त्या दिवशी परतताना शिरपूरच्या फाट्यावर चहाला थांबलो, पण चहा तसाच ठेवून उठलो. मला भीती वाटत नव्हती, खरं सांगते. लहानपणी पहिल्यांदा दुर्बिणीतून शनीचं कडं पाहिलं होतं तेव्हा जसं वाटलं होतं, तसं वाटत होतं.

अमावस्या गेली. पुतळा झाला नाही. नातेवाइकांनी मायशी बोलणं सोडलं, संतोषही काही दिवस धड बोलत नव्हता.

दिवाळीच्या आधी नंदाचा फोन आला. "व्हॉट्सॅपवर व्हिडिओ टाकला, पाह्य. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरले आला, अकोल्याच्या कोन्या ग्रूपवरून. अर्चे, पाह्य लवकर..."

व्हिडिओत मोठं स्वयंपाकघर होतं. पांढऱ्या दाढीचा, हाडं वर आलेला एक माणूस हातात कणकेचा गोळा घेऊन उभा होता. त्यावर त्यानं डावा अंगठा दाबला. बोथट. मग कॅमेऱ्याकडे न बघताच म्हणाला, "हे माह्यं." पुन्हा दाबला. "हे माह्यं." स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी ढसाढसा रडले.

तमिळनाडूत रस्त्यावरच्या बेवारस माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तो तिथे होता. डोक्याला जुना मार. इतक्या वर्षांत तोंडातून शब्द नाही, नाव नाही, गाव नाही. एका दुपारी स्वयंपाकघराच्या दारातून तो आत आला, पोळ्यांच्या कणकेतून एक गोळा उचलला आणि बोलला. तिथल्या सेवकानं मोबाइलवर टिपलं आणि भाषा ओळखा म्हणून जमेल तिकडे पाठवलं. फिरत फिरत तो वऱ्हाडी माणसांपर्यंत यायला एवढे महिने लागले.

व्हिडिओसोबत आलेल्या नंबरवर मी त्या सेवकाला फोन केला. हिंदी त्याचीही मोडकी आणि माझीही. म्हटलं, मूळ व्हिडिओ काढला ती तारीख बघून सांगा. त्यानं सांगितली. आमचाच रविवार, दुपारची वेळ, आमचे रोडगे विस्तवात होते तेव्हाची. मी विचारलं, "आणि तो गोळा? त्या गोळ्याचं पुढे काय झालं?" तो हसायला लागला. "मॅडम, इधर इतना लोग खाता है, आटे का गोला कौन देखता है?"

संतोष स्वतः जाऊन भावाला घेऊन आला. मायनं काय केलं, काय बोलली, ते मी सांगणार नाही. ते त्यांचं आहे.

हिवाळ्यात आम्ही सगळे पुन्हा केनवडला गेलो. दिलीप आंब्याखाली बाजेवर बसला होता. प्रकाशला त्यानं नावानं हाक मारली, नंदाकडे पाहून हसला. माझ्याकडे मात्र अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहत राहिला. मला वाईट वाटलं, पण दाखवलं नाही. रोडगे झाले. मायनं घरातून एक डबी आणली होती. त्यात तो खुणेचा तुकडा, वाळून दगड झालेला. माझं डोकं लगेच चालू झालं. अंगठा इथे, खूण इथे — बसवून पाहिलं की झालं! मी तुकडा उचलला आणि म्हटलं, "दिलीप, जरा डावा हात दे."

"पायतं कायले, अर्चे?" माय म्हणाली. "म्या तं तवाच पाह्यलं."

मी तरीही हात पुढेच धरून होते. पण दिलीपचा हात पानात होता. त्यानं कुणाच्या तरी रोडग्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कच्चा हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "अर्चीचा हाय."

तुकडा मी डबीत परत ठेवला. तो अजून तिथंच आहे. त्या खुणेवर अंगठा अजून कुणी लावून पाहिलेला नाही. वर्गात पोरं काही विचारतात तेव्हा मी आजही म्हणते, कारण असतंच, शोधा. या गोष्टीचं कारण मी शोधून थकले. तुम्हाला सापडलं तर जरूर कळवा... पण केनवडला मायला सांगायला जाऊ नका, ती तुम्हाला आधी जेवायला बसवेल.