घर खाली हाय

नोव्हेंबर १९६१ मध्ये आमची प्लाटून सिल्वासाला आली. दमणगंगेच्या काठी, होडीच्या उताराजवळ तंबू लागले. साडेपाचला हत्यारं घेऊन स्टँड-टू, सहाला पीटी, सातला चहा. मी लान्स नाईक होतो, वय तेवीस. सेक्शन कमांडर नाईक दत्ताराम, सावंतवाडीकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. वायरलेसवर बलबीर, मेरठचा. त्याला मराठीतले ‘चहा’ आणि ‘चल’ एवढे दोनच शब्द येत.

शाळेत असताना मी मुक्तिलढ्याची पत्रकं वाटली होती. त्यांत ‘शत्रू’ हा शब्द नेहमी मोठ्या टाइपात असे. सिल्वासा सात वर्षांपूर्वी मोकळं झालं होतं, दमण अजून पोर्तुगिजांकडेच होतं. कधी ना कधी आम्हाला तिकडे जावं लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मला घाई होती.

उतारावर रूपजीकाका होडी चालवत. वय साठीच्या पुढे. नदी खानवेलकडून येते आणि दमणला समुद्राला मिळते. म्हणून त्यांच्या बोलण्यात खानवेल म्हणजे ‘वर’ आणि दमण म्हणजे ‘खाली’. बाकीच्या दिशांशी त्यांचं काम नव्हतं.

“काका, खाली शत्रू किती?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“खाली माझी लखमी हाय,” ते म्हणाले. “जावई हाय. लखमीची सासू हाय. ती जराशी शत्रू हाय.”

दत्तारामच्या मगातला चहा सांडला.

लखमी त्यांची एकुलती एक. तिला दमणच्या हद्दीतल्या एका पाड्यावर दिली आणि वर्षभरात रस्ता बंद झाला. तेव्हापासून दर दिवाळीत काका हद्दीपर्यंत चालत जात. ते अलीकडच्या बांधावर उभे राहत, ती पलीकडच्या. मध्ये दोन शेतं आणि एक पहारेकरी. दोघं ओरडून बोलत: म्हैस व्याली का, आईचं दुखणं कसं आहे, भात किती झालं. पहारेकरी गोव्याकडचा होता. एकदा वारा फार होता. तेव्हा तोच काकांकडे वळून म्हणाला, “आजोबा, तिला मुलगी झाली म्हणते. मला ऐकू आलं, तुम्हाला नाही?”

काकांनी हे सांगितलं त्या दिवशी मी माझ्या पत्रकांचा पुन्हा विचार केला. दमणमधलं राज्य जायलाच हवं होतं, यावर मी आजही ठाम आहे. पण ते कुणासाठी जायला हवं, हे मला पत्रकात सापडलं नव्हतं.

डिसेंबरात हुकूम आला. वाट दाखवायला माहीतगार हवा होता. काका स्वतःच तंबूसमोर येऊन उभे राहिले. दत्ताराम नको म्हणाला.

“काका, तिथं गोळी चालेल.”

“पोरीच्या घरी बाप नाय जायचा, तर तू जायचा?”

दत्तारामनं त्यांच्या डोक्यावर स्वतःची लोकरी टोपी घातली. विषय संपला.

हद्द ओलांडली तेव्हा उजाडलं होतं. सात वाजून वीस मिनिटांनी समोरच्या टेकाडावरच्या पोर्तुगीज पोस्टवरून एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, सुरू झाली. आम्ही बांधाआड आडवे झालो. टेकाडाच्या पायथ्याशी ताडाच्या झाडांत लखमीचा पाडा होता. आम्ही होतो तिथून फक्त ताडांचे शेंडे दिसत होते.

बलबीरच्या सेटवर मेजरसाहेबांचा आवाज आला. “मॉर्टर तैयार है. पोस्ट के पास घर हैं? ओव्हर.”

बलबीरनं काकांकडे पाहिलं. “बाबा, घर?”

काकांनी बोट दाखवलं. “घर खाली हाय.”

बलबीर सेटवर म्हणाला, “घर खाली हैं. ओव्हर.”

“शाबाश. दो मिनट में फायर.”

मी वीस पावलांवर मॅगझिन भरत होतो. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे डोक्यात शिरायला मला एक क्षण लागला. महिनाभर काकांच्या त्या शब्दावर मी हसत होतो, आणि बलबीरला त्याचा अर्थ कधी सांगितला नव्हता. ती चूक बलबीरची नाही, माझी.

“बलबीर, रोक! खाली मतलब नीचे. घर में लोग हैं!”

त्यानं माइक तोंडाशी धरला. “फायर रोको. घर में लोग हैं. ओव्हर.”

मग साहेब म्हणाले, “मॉर्टर नहीं चलेगा. पोस्ट कैसे लोगे?”

दत्तारामनं माइक घेतला. “साहब, सेक्शन नाले से जाएगा. बीस मिनट. ओव्हर.”

“जाओ. आउट.”

नाल्यात गुडघाभर चिखल होता. दत्ताराम पुढे, मी शेवटी. सात पन्नासला आम्ही टेकाडाच्या बाजूला बाहेर निघालो. शेवटच्या बांधावर दत्ताराम उठला, ग्रेनेड टाकला आणि तिथेच बसला. एलएमजी थांबली. पोस्टवरच्या चौघांनी हात वर केले. मी पोस्टवरून परत आलो तेव्हा दत्तारामनं विचारलं, “पाडा?” मी म्हटलं, “ठीक आहे.” गोळी छातीत होती. आठ वाजून पाच मिनिटांनी तो गेला.

पाड्यावर सात घरं होती. एकही रिकामं नव्हतं. लखमी दारात आली, तिच्यामागे मुलगी. मुलीनं आजोबांना जवळून प्रथमच पाहिलं आणि ती लाजून आत पळाली. काका ओट्यावर बसले. लखमीची सासू त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली.

पुढं गुडघ्याच्या दुखण्यानं माझी फौज सुटली. आता सिल्वासातच कचेरीत आहे. वाटेत कुणी कुणाला अडवत नाही. लखमी महिन्यातून एकदा माहेरी येते, आणि काका त्याहून जास्त वेळा खाली जातात.

पितृपक्षात लखमीच्या घरी दत्तारामचं पान वाढतात. घरच्या पितरांच्या ओळीत, पहिलं. पहिल्या वर्षी मलाही बोलावणं होतं. कोकणातला माणूस म्हणून काकांनी पहाटे स्वतः जाळं टाकलं होतं, लखमीनं मासळीचं कालवण केलं होतं. दत्तारामनं जन्मात मासळी खाल्ली नव्हती. सगळी कंपनी त्याला त्यावरून चिडवायची.

पान अंगणाच्या कुडावर ठेवलं. सगळे हात जोडून उभे राहिले. मी सांगायला तोंड उघडलं, आणि कावळा शिवला.