पडीक माळाचा आराखडा

आमच्या कंपनीला जैवविविधतेचा पुळका आला तो परदेशातल्या गिऱ्हाइकामुळे. आमची दूध पावडर घेणाऱ्या त्या गिऱ्हाइकाने विचारलं, तुमच्या कारखान्यामुळे आसपासच्या जिवांचं नुकसान होतं, ते कमी करायला तुम्ही काय करणार? बारामती एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात हा प्रश्न फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. मी पर्यावरण विभागात कंत्राटावर होते. विभाग म्हणजे मी एकटीच. आराखडा चांगला झाला तर कायम करू, असं मॅनेजर म्हणाले.

आधी नुकसान टाळायचं, टळत नसेल तर कमी करायचं, बिघडलेलं सुधारायचं, आणि काहीच इलाज उरला नाही तर दुसरीकडे भरपाई करायची, असं मी शिकले होते. म्हणून पहिल्या पानावर ओढ्यात सोडलेलं सांडपाणी घेतलं. मॅनेजरनी ते पान काढून माझ्या हातात दिलं. "हे खर्चाचं आहे. शेवटून सुरू करा." शेवटून म्हणजे भरपाई, आणि भरपाई म्हणजे झाडं. इंदापूरच्या वाटेवर कंपनीने कधीची घेऊन ठेवलेली माळाची जमीन होती. तिथं जंगल करायचं ठरलं.

मी माळ बघायला गेले. एक म्हातारा धनगर तिथं मेंढरं चारत होता. त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला पाजलं आणि अर्धा दिवस हिंडवलं. "पाय जपून टाक पोरी, चंडोलाची अंडी हायत." खरंच, गवताच्या बुडाशी अंडी होती. मग खोकडाचं बीळ दाखवलं, लांडग्याचे माग दाखवले. "वर्साला दोन-चार कोकरं न्हेतोच त्यो. न्हेऊ दे. त्यानं तरी कुठं जायाचं?" म्हणत तो हसला.

इथं झाडं लावली तर, असं विचारल्यावर तो हसायचा थांबला. "झाडाखाली गवत मरतं. गवत गेलं की चंडोल, लांडगा, माजी मेंढरं, आमी समदीच गेलो. झाडं वढ्याकडंला लावा की. एवढं तुज्या कागदात लिव."

"लिहिते आबा," मी म्हणाले.

आराखड्याच्या फॉर्ममध्ये जमिनीचे चार प्रकार होते: जंगल, शेती, पाणथळ, पडीक. गवताच्या माळाला रकानाच नव्हता. मॅनेजरना विचारलं तर म्हणाले, "गवत फोटोत दिसतं का? झाड दिसतं." शेऱ्याची जागा मात्र रिकामी होती. तिथं म्हाताऱ्याचं बोलणं दोन ओळींत मावलं असतं. मी ती रिकामीच ठेवली आणि 'पडीक'वर खूण केली. माझा हात कुणी धरला नव्हता, हे आजही मला टोचतं.

जेसीबीने खड्डे घेतले, चौफेर तार ओढली, फोटो निघाले. मी कायम झाले आणि ऑफिसात पेढे वाटले. म्हातारा दोन दिवस कंपनीच्या गेटवर बसून होता. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असा निरोप दोन्ही दिवस मीच पाठवला. पुढे चारा मिळेना म्हणून त्याने सगळी मेंढरं बावड्याकडच्या एका धनगराला विकली.

आराखड्यात 'स्थानिकांना रोजगार' हाही रकाना होता. मी म्हाताऱ्यालाच तिथं राखणदार केलं. ही अक्कल माझीच, आणि तेव्हा मला तिचं कौतुकही वाटलं. शिट्टी, टोपी, पगार. तो आता मला मॅडम म्हणायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा माणूस पाहणीला येणार, म्हणून मी तयारी बघायला गेले. बघते तर एका कोपऱ्यात तार वाकलेली आणि मेंढरांचा कळप तिथून आत तोंड घालून उभा. नवा धनगर लांब बाभळीखाली झोपला होता.

"हाकला की त्यांना," मी ओरडले.

म्हातारा जागचा हलला नाही. "माजीच हायत मॅडम, इकलेली. मी वरडलो की लांब न्हाय जात, जवळ येत्यात. आवाज वळखत्यात माजा."

पण फोटोत मेंढरं आली असती तर?

"मग ओरडू नका. दगड मारा."

त्याने वाकून दगड उचलला आणि मुद्दाम कळपाच्या पलीकडे टाकला. मेंढरांनी नुसत्या माना वर करून त्याच्याकडे बघितलं.

"नीट मारा, आबा," मी म्हणाले.