आधी रफार, मग वेलांटी

‘आर्थिक’ या शब्दावर माझ्या कोडची टेस्ट सलग तिसऱ्या दिवशी फेल झाली. अर्ज भरायला पाच दिवस उरले होते.

अर्ज होता एका ओपन सोर्स प्रोजेक्टचा. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो. कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. निवड झाली की तीन महिने एक मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, सोबत असतो. पूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा, त्या फायली आज उघडल्या तर नुसता कचरा दिसतो. त्यांचं आजच्या मराठीत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर लिहायचं होतं. चिक्कडपल्लीच्या घरी माझ्या कपाटात अशा फायलींची एक सीडी आहे. आमच्या मराठी मंडळाचे बारा वार्षिक अंक. छापील प्रती वाळवीनं खाल्ल्या; उरलंय ते एवढंच.

पण हवी असलेली कौशल्यं होती पायथॉन, गिट आणि वेबसाइटच्या भागासाठी जावास्क्रिप्ट. मी तीस वर्षं बँकांच्या सॉफ्टवेअरसाठी ‘सी’ या जुन्या भाषेत कोड लिहिला आणि गेल्या वर्षी रिटायर झाले. पायथॉन मी दोन महिने घरी शिकले होते, एवढंच.

मेंटॉर स्रवंती माझ्या मुलीपेक्षा लहान. तिला कॉलवर तेलुगूत सरळ विचारलं, “मला जमेल का हे?”

“शैलजा गारू, ते मी कसं सांगू?” ती म्हणाली; ‘गारू’ म्हणजे आपलं ‘जी’. “एक छोटा बग देते. तो सोडवा. मग तुम्हीच मला सांगा.”

बग, म्हणजे कोडमधली चूक, असा. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क टाइप करत. कागदावर दिसतं तसंच. आज कॉम्प्युटर उलट साठवतो, आधी क, मग वेलांटी. म्हणजे वेलांटी उचलून एक अक्षर पुढे न्यायची. एका सकाळी झालं. ‘स्थिती’ला मोडलं, कारण वेलांटीला अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. तेही केलं. मग आला ‘आर्थिक’. त्यात वेलांटी आहे आणि डोक्यावर रफारही. एक सुधारलं की दुसरं बिघडायचं.

तिसऱ्या दिवशी यादगिरीच्या जुन्या नंबरवर फोन करून पत्ता घेतला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि दिलसुखनगरला त्याच्याकडे गेले. यादगिरी आमचे अंक टाइप करायचा. विद्यानगरात एका जिन्याखाली त्याचा डीटीपीचा कॉम्प्युटर होता. प्रूफं घेऊन मी ऑफिस सुटल्यावर जायची. त्याला मराठी बोलता येत नव्हतं, पण चूक माझ्या आधी त्याला दिसायची. चहा यायचा, प्रिंटर करकरायचा, आणि एखाद्या कवितेवरून संपादकांचा फोन यायचा. तिशीत होतो आम्ही. ते काम आहे असं कधी वाटलंच नाही.

आता त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. केस पांढरे झालेत.

“यादगिरी, ‘आर्थिक’ कैसे मारते थे?”

त्यानं हातातले कागद बाजूला ठेवले. “बोल के नहीं आता मॅडम. कीबोर्ड दो.”

लॅपटॉप पुढे केला. त्यानं डोळे मिटले. बोटं चालली. आ, वेलांटी, थ, रफार, क. मग डोळे उघडून म्हणाला, “रफार थ का है मॅडम. वेलांटी बाहर खड़ी है. पहले घर का आदमी अंदर लेना, फिर बाहर वाला.”

मी उलट करत होते. आधी वेलांटी हलवायची, मग रफार. त्यामुळे रफार थ आणि वेलांटीच्या मध्येच अडकायचा. तिथेच काउंटरवर दोन ओळींची अदलाबदल केली. टेस्ट पास झाली. यादगिरीला स्क्रीनवरची हिरवी खूण दाखवली. “बस, इतनाच?” तो म्हणाला. मी टेस्ट पुन्हा एकदा चालवून पाहिली.

संध्याकाळी स्रवंतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आता तुम्ही सांगा. जमेल?”

“रूपांतराचं जमेल. वेबसाइटचा भाग मला येत नाही, आणि तीन महिन्यांत येणारही नाही.”

“अर्जात तसंच लिहा.”

लिहिलं. निवड झाली नाही. वरंगळच्या एका मुलीला घेतलं, तिला दोन्ही येत होतं. मेल वाचून त्या दिवशी मी स्वयंपाकच केला नाही.

दोन दिवसांनी स्रवंतीचा फोन. “त्या मुलीला मराठी वाचता येत नाही. मलाही नाही. तुम्ही दुसऱ्या मेंटॉर व्हाल?”

झाले. बारापैकी अकरा अंक आता वाचता येतात. बाराव्याची फाइलच खराब निघाली, त्याला कोणाचा इलाज नाही.

आपली कौशल्यं पुरतात का, हे यादीसमोर बसून कळत नाही. एक छोटा बग घ्यावा, आठवड्यात कळतं. जे येत नाही ते अर्जात स्पष्ट लिहावं. आणि जुन्या टायपिस्टचा फोन नंबर डिलीट करू नये.