माझं सॅम्पल खराब नव्हतं

आसेगावच्या स्टँडवर मला सोडायला तुम्ही सगळे गाववाले आला होतात. प्रेमानं नाही, बघायला. पेशीच्या आवरणातल्या लिपिड आणि प्रथिनांवर संशोधन करायला जर्मनीला चाललेय म्हटल्यावर मोठे काका सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "लिपिड म्हंजे चरबीच ना? चरबी पाह्याले इतक्या दूर कायले जा लागते?" तुम्ही हसलात. आई हसली नाही. बाबा गेल्यापासून शाळेत खिचडी शिजवून तिनं मला शिकवलं होतं. "तिचं ती पाहीन," एवढंच म्हणाली आणि माझी बॅग स्वतः एसटीत चढवली.

हो, चरबीच. पेशीभोवती लिपिडच्या रेणूंचा दुपदरी पडदा असतो, तेलासारखा वाहता. त्यात प्रथिनं तरंगत फिरतात. ती किती फिरतात ते मोजणं माझं काम. प्रथिनांना चमकणारा रंग जोडायचा, लेझरनं एका ठिपक्यातली चमक मारायची, आणि आजूबाजूची चमकती प्रथिनं सरकत येऊन तो काळा ठिपका किती भरतात ते बघायचं. तो जवळजवळ पूर्ण भरायला हवा होता, माझा ठिपका अर्धाच भरायचा.

लॅबमध्ये प्रसाद होता, पुण्याचा, मला सीनियर. पहिल्याच दिवशी त्यानं गाव विचारलं, मग आडनाव, आणि ते ऐकताच आपल्या कामाकडे वळला. मराठी मंडळाच्या जेवणाला बोलावतो म्हणाला होता, ते बोलावणं आलं नाही. माझा आलेख बघून म्हणाला, "तुझं सॅम्पलच खराब आहे. तुमच्याकडे प्रॅक्टिकल्स होतच नसतील ना?" मुद्दाम मराठीत. बाकीच्यांना कळू नये, मला मात्र लागावं.

सात महिने मी तोच प्रयोग केला. तापमान बदललं, पडद्यातलं कोलेस्टेरॉल कमी केलं, नव्यानं पेशी वाढवल्या. ठिपका अर्धाच. रडले, आईला फोनवर खोटं सांगितलं की सगळं बरं आहे. शेवटी वाटलं, अडचण पडद्यात नसेल, पडद्याखाली असेल. तिथं पेशीच्या आत तंतूंची जाळी असते. ती विरघळवणारं औषध घातलं आणि ठिपका जवळजवळ पूर्ण भरला. अर्धी प्रथिनं त्या जाळीत अडकत होती! माझा विश्वास बसेना. आणखी चार वेळा केलं.

मीटिंगमध्ये ते दाखवलं तेव्हा प्रसाद आमच्या प्रोफेसरबाईंना म्हणाला, "आम्हाला संशय होताच."

"आम्हाला नाही," मी तिथंच म्हटलं. "तू माझं सॅम्पल खराब म्हणाला होतास."

बाईंनी दोघांच्या प्रयोगवह्या मागवल्या. माझ्या वहीत सात महिने होते. त्याच्या वहीत या प्रथिनाचं नावसुद्धा नव्हतं. शोधनिबंधावर पहिलं नाव माझं लागलं, त्याचं लागलंच नाही.

मग बातमी गावात पोहोचली आणि तुमचे फोन सुरू झाले. गावी आले तर चौकात माझा फ्लेक्स. सत्कारात कोणी तरी बोललं की आमच्या लेकीनं सगळे पडदे पार केले. मी काही पार केलेलं नाही. पेशीचा पडदा माझ्या जातीबद्दल, तुमच्या गावाबद्दल काहीही सांगत नाही. तो भाषणासाठी नाही. आणि माझ्यासारखेच परदेशात येऊन राहिलेले, पण मातीच्या ओढीवर गळे काढणारे तुम्ही, तुम्हालाही सांगते, मला ती ओढ नाही. मंडळाचं बोलावणं आता येतं. मी जात नाही.

चौथ्या दिवशी गावाहून निघताना आई म्हणाली, "आता माह्यासाठी येत नको जाऊ. मीच येतो." या उन्हाळ्यात ती आली. परवा तिला लॅबमध्ये नेलं, स्क्रीनवर ठिपका भरताना दाखवला. बराच वेळ खुर्ची सोडेना. "हे तं सारं हालून राह्यलं वं," म्हणाली. मग शेजारचा मायक्रोस्कोप कोण पुसतं ते विचारलं, आणि मीच पुसते कळल्यावर समाधानानं हसली.

ती आहे तिथं माझं घर. आसेगावातल्या दाराला कुलूप आहे, आणि किल्ली तिनं तुमच्यापैकी कोणाकडेही ठेवलेली नाही.