सुमीच्या लग्नाला जागा पाहिजे

आमच्या घरी चार माणसं जमली अन् कोणी मंगल कार्यालयाचं नाव काढलं, की झालं! सुमीच्या लग्नाचे किस्से सुरू. एकानं एक सांगितला की दुसरा म्हणतो, "हे काहीच न्हाई!" सुमीची पोरं कॉलेजात गेली, पण किस्से संपायचं नाव न्हाई. उलट दरसाल वाढूनच राह्यले.

आमचं गाव राजूरच्या अलीकडं. सुमी माझी चुलतबहीण, अण्णा तिचे वडील. नवरदेव लांब अंकुशनगरचा, पोरगं गुणाचं. लग्न ठरलं अन् त्याच आठवड्यात काकू, म्हणजे सुमीची आई, विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. मांडीपर्यंत प्लास्टर! लांबचा प्रवास बंद. तिकडचे म्हणाले, "तुमच्याकडं जागेची अडचण असंल तर आमच्या दारात लावू." माणसं भली, पण काकूला रडूच फुटलं. "एकुलती एक पोरगी, अन् माझ्या हातच्या अक्षता तिच्यावर पडायच्या न्हाईत?"

मंग अण्णा उठले. आमच्या अंगणात दोन बैलगाड्या मावायच्या, घरामागच्या वावरात भुईमूग उभा. म्हणून जागा पाहिजे गावाजवळ, मोकळी अन् कमी खर्चाची. शोधायला अण्णा, सुमीचे मामा, नवीन जालना भागातला मंडपवाला रफिकभाई अन् फटफटी चालवायला मी. एका फटफटीवर चौघं!

*

पहिलं पाहिलं ते पाटलाचं पडीक वावर. अण्णा फटफटीवरून उतरले ते थेट खाली बसले. ढेकूळ फोडलं, वास घेतला.

मामांनी विचारलं, "पाणी?"

"विहीर बारमाही," पाटील म्हणाले.

"कपाशी किती उतरती?"

चहा झाला. दुसरा चहा झाला. जमिनीचा भाव निघाला, घासाघीस करून मामांनी तो उतरवलाबी! परत येताना रफिकभाईनं हळूच विचारलं, "अण्णा, लग्नाचं काय म्हणले ते?"

अण्णांनी कपाळावर हात मारला. मामा म्हणाले, "पण जमीन बराबर आहे हां!"

दुसऱ्या दिवशी पाटील सातबारा घेऊन दारात हजर. त्यांना लग्नाचं सांगितल्यावर जे चिडले, ते जेवायलाबी आले न्हाईत.

*

नदीकाठचं माळरान पाहायला गेल्तो. रफिकभाईचं म्हणणं, आचाऱ्याची भट्टी कुठं लावायची ते हवेवर ठरतं, न्हाईतर पंगतीभर धूर. त्यानं मूठभर माती उचलली अन् वर उडवली. मामा नवा पांढराशुभ्र शर्ट घालून आल्ते. सगळी माती त्यांच्यावर!

मामा डोळे चोळून राह्यले. रफिकभाई थंडपणे म्हणाला, "मामा, बिलकुल हलू नका. भट्टी तिथंच लावू!"

ते माळरान मामांनीच नापास केलं. कारण विचारायची सोय न्हवती.

*

शाळेचं मैदान मात्र सगळ्यांना पसंत पडलं. प्रश्न एकच, लाइट गेली अन् माइक बंद पडला तर लग्न लावणाऱ्या गुरुजींचा आवाज मागपर्यंत पोचंल का? म्हणून मामा एका टोकाला गेले, दुसऱ्या टोकाला अण्णा अन् रफिकभाई उभे राह्यले. मामांनी जीव खाऊन आवाज काढला, "शुभमंगल साऽऽवधान!"

पलीकडच्या वावरात बाया कांदे काढून राह्यल्या होत्या. त्या सगळ्या उठल्या, अन् अक्षता म्हणून बांधावरून मातीचे खडे टाकायला लागल्या! एक म्हातारी ओरडली, "जोडा झ्याक आहे! पण यातली नवरी कोणती रे?"

त्यानंतर कितीतरी दिवस रफिकभाई अण्णांच्या शेजारी उभा राहत न्हवता. मैदान मिळालंबी असतं, पण शाळेच्या नव्या खोल्यांसाठी तिथं खडी येऊन पडली.

*

मंग मामांनी राजूरची जागा काढली, गणपतीच्या मंदिराजवळची. काकूला गाडीत गादी टाकून नेऊ म्हणाले. पण तारीख पाहिली तर नेमकी संकष्टी! राजुरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसती. वऱ्हाडी कोणते अन् दर्शनाला आलेले कोणते, ओळखायचं कसं?

मामांचा चेहरा खुलला. "अरे, मंग तर स्वस्तात लग्न! सगळ्यांचा उपास!"

अण्णा म्हणाले, "अन् चंद्र निघाल्यावर?"

*

तेवढ्यात अंकुशनगरहून निरोप आला, "पत्रिका छापायच्या आहेत, ठिकाण काय टाकू?" काकूनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "टाका त्यांच्या दारातलं. मला मागून व्हिडिओ दाखवा." सुमी चुलीपुढं बसून रडली. 

आता आमच्या अंगणाला लागून भीमरावचं वावर. मोकळं, सपाट, लग्नाला एक नंबर! पण मधल्या बांधावरून अण्णांचं अन् त्याचं मी शाळेत असल्यापासून वाकडं. बोलणं बंद. भीमरावची कोंबडी अंगणात आली तर अण्णा तिलाबी हाकलत नसत, बोलावं लागंल म्हणून! त्या वावराचं नाव अण्णांपुढं काढायची कोणाची छाती न्हवती.

सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. पाहतो तर भीमराव बांध सपाट करून राह्यला! अण्णा काठी घेऊन धावले. "भीम्या! बांध फोडला तू माझा!"

भीमरावनं ट्रॅक्टर बंद केला. "मी तुमच्याशी न्हाई बोलून राह्यलो," म्हणाला. अन् ओसरीवरच्या काकूकडं वळला. "वहिनी, मांडवात तुमची खाट कोणत्या अंगाला टाकायची? तिकडची ढेकळं आधी मोडतो."

अण्णांची काठी वरच राह्यली. काकूनं पदर तोंडाला लावला अन् बोटानं जागा दाखवली.

लग्न तिथंच लागलं. काकूनं खाटेवरून मुठी भरभरून अक्षता टाकल्या. निम्म्या भीमरावच्या टोपीवर पडल्या.

दुसऱ्या दिवशी रफिकभाई मांडव सोडून राह्यला होता, तोच पुन्हा आरडाओरडा! आम्ही सगळे बाहेर पळालो. अण्णा आपल्याच घराच्या भिंतीला पाठ लावून ओरडून राह्यले, "बांध इथं होता!"

अन् भीमराव पार आपल्या वावराच्या मधोमध उभा. "काहीबी काय बोलता! इथं होता, इथं!"