संघातली सहावी

ताईंचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. लाँड्रीची पाळी सहाची, पण त्याआधी मुलगी धावायची. रस्त्यावर अंधार असे. ताई वळणावरच्या दिव्याखाली उभ्या राहायच्या. मुलगी त्यांच्यासमोरून जायची, दिसेनाशी व्हायची, परत यायची. दोघी बोलत नसत. मुलीला धावताना बोलायला दम नसे आणि ताईंना सवय नव्हती.

मी त्याच लाँड्रीत बॉयलरवर होतो आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहायचो. मोठ्या रुग्णालयाच्या चादरी आमच्याकडे यायच्या. ताई घडीवर होत्या. चादरीची घडी दोघींनी घालायची असते. समोरासमोर उभं राहून कोपरे धरायचे, ताणायचं, मग जवळ यायचं. एकीने ढिलं धरलं की कडा जुळत नाहीत. ताई कोणाला बोलायच्या नाहीत. चादर झटकून पुन्हा उलगडायच्या. असं दोन-तीनदा झालं की समोरची नीट ताणायला लागायची, नाहीतर दुसरं टेबल बघायची. बहुतेक जणी दुसरं टेबल बघायच्या. नवराही केव्हाच निघून गेला होता. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मुलीचे पाय लांब आणि मान ताठ. लाँड्रीत सगळे तिला टिटवी म्हणायचे. ती क्रॉस कंट्री धावायची. म्हणजे मैदानातल्या गोल फेऱ्या नव्हेत. माळ, चढ, चिखल, जे पुढे येईल त्यावरून लांब पल्ल्याची धाव. शाळेत तिच्या जोडीचं कोणी नव्हतं. शर्यतीत ती पहिली यायची आणि दुसरी येईपर्यंत एकटीच पाण्याचा पेला घेऊन उभी असायची.

"एवढं धावून मिळतं काय हो तिला?" घडीवरची एक बाई विचारायची.

"बस मिळते," ताई म्हणायच्या. "तुझी रोज सुटते."

शाळा संपली तेव्हा दोन कॉलेजांनी तिला बोलावलं. ताई मला म्हणाल्या, "दादा, सोबत चला. शिकवणारा माणूस कामाचा आहे का, एवढं बघा. बाकीचं मी बघते."

पहिलं कॉलेज घरापासून जवळ. तिथल्या सरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. फी माफ, बूट कॉलेजचे, आणि मुलगी रोज संध्याकाळी घरी. मग त्यांनी टिटवीला कॉलेजच्या दोन मुलींबरोबर धावायला सोडलं. त्या दोघी पहिल्या वळणानंतर चालायला लागल्या. सर स्कूटरवरून टिटवीच्या बाजूने "शाबास, शाबास" करत गेले. माणूस वाईट नव्हता. तिला शिकवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं आणि हे त्याला ठाऊक होतं. "पुढची तीन वर्षं आमची पहिली हीच," तो म्हणाला. ताई खूश दिसल्या. मुलगी घरी राहणार होती.

दुसरं कॉलेज लांब. बसमध्ये दिवस गेला. तिथे शिकवणाऱ्या बाई होत्या, आवाज बसलेला, पायात चिखलाचे बूट. त्यांनी खुर्च्या दिल्या नाहीत. आम्हाला टेकडीखाली उभं केलं आणि टिटवीला आपल्या मुलींत सोडलं. चढाला टिटवी मागे पडली. मी तिला मागे पडताना पहिल्यांदाच बघत होतो. ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"इथे ही सहावी येईल," बाई म्हणाल्या. "संघाच्या पहिल्या पाच जणींचे क्रमांक धरून बेरीज करतात. ज्यांची कमी, तो संघ जिंकला."

"म्हणजे सहावीचा क्रमांक धरतच नाहीत?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"मग तिने धावायचं कशाला?"

"ती दुसऱ्या संघाच्या पाचवीच्या पुढे आली, तर त्या पाचवीचा क्रमांक एकाने मागे जातो आणि त्यांची बेरीज वाढते. शिवाय आमची एखादी पडली, तर हिचा क्रमांक धरतात."

"म्हणजे राखीव."

"राखीव बसून असते, ताई. ही धावणार. पाचवीएवढीच."

मला ती बाई आवडली. मला विचारलं होतं तेवढं मी मनात ठरवलं: शिकवणारी कामाची आहे. बाकीचं ताईंनी बघायचं होतं.

मुली उतरून आल्या. टिटवी शेवटी, गुडघे चिखलाने भरलेले. ती खाली बसणार तोच एकीने तिला हाताला धरून उठवलं. "बसू नकोस, पाय धरतील. आणि उतारावर घाबरतेस काय अशी? म्हातारी जिना उतरते तशी उतरलीस!"

"तुझ्या बुटांनी उडवलेल्या चिखलाने डोळे भरले माझे! दिसेल तर उतरीन ना!" टिटवी म्हणाली.

सगळ्या हसल्या. मग त्या चालत राहिल्या आणि टिटवी त्यांच्यात बोलत राहिली, हातवारे करून, एकीला मध्येच तोडून. ताई बघत होत्या. "दादा," त्या हळूच म्हणाल्या, "हिला एवढं बोलता येतं?"

परतीच्या बसमध्ये टिटवी म्हणाली, "आई, मी जवळचंच घेते. इथे सहावी होण्यापेक्षा तिथे पहिली बरी." आणि खिडकीकडे तोंड करून बसली. ताईंनी मान हलवली. त्यांना हवं होतं तेच ती बोलली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई बॉयलरपाशी आल्या. "खोटं बोलते. माझ्यासाठी बोलते. मी एकटी पडेन म्हणून."

"पडालच की."

"ते मला सांगू नका."

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलीला सांगितलं की लांबच्या गावची मावशी राहायला येणार आहे. सुनेशी तिचं पटत नाही, कायमचीच येते, आणि खोलीत तिसरीला जागा नाही. टिटवीने ती मावशी लहानपणी एकदा पाहिली होती. तिने खूप प्रश्न विचारले. ताईंनी सगळ्यांची उत्तरं दिली. मग टिटवीने लांबच्या कॉलेजला होकार कळवला.

मी जिन्यात गाठून विचारलं, "खरंच येते का ही बहीण?"

"ती कशाला येते? सासू-सुनेचं गुळपीठ आहे."

टिटवी गेली. ताई लाँड्रीत लवकर यायला लागल्या. मी आग पेटवत असताना बॉयलरजवळच्या बाकावर बसायच्या. मी विषय काढून बघितले, "हं" म्हणायच्या. भोंगा झाला की उठून घडीवर जायच्या. सुट्टीच्या दिवशीही जादा पाळी घ्यायच्या. सुट्टीला लाँड्री जवळजवळ रिकामी असते. समोर कोणी नसलं की चादरीचं एक टोक खुंटीला अडकवून त्या एकट्याच घडी घालायच्या. कडा तरी जुळलेल्या असायच्या. कशा, ते मला कळलं नाही.

संध्याकाळी दारात उभ्या राहून फोनवर बोलायच्या. वर ऐकू यायचं.

"मावशी? आंघोळीला गेलीय."

"रोज याच वेळी? काय माहीत बाई. स्वच्छतेची आवड आहे तिला."

एकदा म्हणाल्या, "झोपली. आत्ताच डोळा लागला, उठवू नको." आणि आत रिकाम्या खोलीत जाताना दारसुद्धा हळू लावलं.

वर्षाच्या शेवटी टिटवीचा फोन आला: जवळच शर्यत आहे, संघातल्या तिघींना घेऊन राहायला येते. ताईंनी भांडी घासली, भिंती पुसल्या, आणि एका दुपारी हातगाडीवरून गाद्या आणल्या. जिना अरुंद. मी एक टोक धरलं. "ओढा, ढिलं सोडू नका," मला म्हणाल्या.

मुली आल्या. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या चौघी एकदम बोलायच्या आणि तरी एकमेकींचं ऐकू यायचं त्यांना. शर्यतीहून परतल्या तेव्हा मी चहाला खाली होतो. तिघी बाहेर बूट धूत होत्या. टिटवीने खोलीभर नजर फिरवली. एक कंगवा, एक चपलांचा जोड, दोरीवर एकीचेच कपडे.

"मावशी कुठे गेली?"

"मुलाकडे."

"परत कधी येणार?"

"तू परत गेलीस की."

टिटवीने आईचा कंगवा उचलून परत जागेवर ठेवला. मग म्हणाली, "आई, दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलून मिळतं. मी विचारलंय."

"आणि यांना सहावी कोण देणार?"

"मिळेल कोणीतरी."

"कोणीतरी नको," ताई म्हणाल्या. "जा, बूट धू. वाळले की चिखल निघत नाही."

टिटवीने आईचा हात धरला, सोडला आणि बाहेर गेली. लगेच बाहेरून तिचा आवाज आला, कोणीतरी तिच्यावर पाणी उडवलं होतं.

मुली गेल्या. पगार वर्षभर वसतिगृहाला, बुटांना, प्रवासाला गेला होता. ते सगळं तिकडे, मुलीपाशी होतं. स्वतःच्या घरासाठी ताईंच्या पगारातून आल्या त्या एवढ्याच, चार गाद्या. त्यांनी त्या गुंडाळून भिंतीशी रचल्या. अर्धी खोली गाद्यांनीच भरली. पलीकडच्या खिडकीपर्यंत जायला ताईंना अंग चोरून जावं लागे, आणि मी कितीदा म्हणालो तरी त्यांनी त्यातली एकही माझ्याकडे वर ठेवायला दिली नाही.