लिटरला पस्तीस ग्रॅम

मामांशी माझं शेवटचं बोलणं एका आकड्याबद्दल झालं. जालन्याच्या दवाखान्यात त्यांना दाखल करून दोन दिवस झाले होते. मी डबा घेऊन गेले, तर त्यांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला आणि विचारलं, “किती?” नर्सला वाटलं, ताप विचारतायत. मी म्हटलं, “पस्तीस, मामा.” “बराबर,” म्हणाले आणि डोळे मिटून घेतले... दुसऱ्या दिवशी सकाळी अंबडच्या घरी मी फिशटँकची काच पुसत होते, तेव्हा प्रशांतचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. मामा गेले होते.

मामा म्हणजे माझे सासरे. मी देवगडकडची. प्रशांत पुण्याला कॉलेजात भेटला, आणि लग्न करून इकडे आले तेव्हा सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणायचं, इथपासून मला शिकावं लागलं. मामांचे वडील जन्मभर ऊस तोडायला गेले. मुलगा बी.एस्सी. झाला आणि अंकुशनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये त्याच उसाचा रस तपासायला लागला. रसात साखर किती, पाकात किती, मळीत किती... तीस-बत्तीस वर्षं हेच काम. निवृत्त होऊन ते अंबडला राहायला आले, आणि त्याच वर्षी मी त्या घरात आले.

पहिल्या वर्षी मला इथे करमेना. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. दुपारी वारासुद्धा तापलेला. संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन उभी राहायचे. कुणी विचारलंच तर वाळवण काढायला आले म्हणायचे. मामांनी कधी विचारलं नाही. पण वाळवण नसतानाही मी वर जाते, हे त्यांनी टिपलं होतं. दिवाळीत मी माहेरी गेले, तेव्हा मला न्यायला ते स्वतः आले. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले, बोट बुडवून चव घेतली, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. माझे बाबा होडीवरून हाका मारत होते, यांचं लक्षच नव्हतं. निघताना त्यांनी पाण्याची एक बाटली भरून घेतली. मला वाटलं, लोक गंगाजल नेतात तसं काही असेल.

घरी आल्यावर त्यांनी ते पाणी मोजून एक लिटर घेतलं, गॅसवर पातेल्यात आटवलं, खाली राहिलेलं मीठ खरवडून काट्यावर ठेवलं. “छत्तीसला जरा कमी,” मला हाक मारून म्हणाले. “पस्तीस धर. बस, एवढंच असतंय पोरी तुझ्या समुद्रात. आपल्या रसापेक्षा लई पातळ.” आत्या पातेलं घासून थकल्या आणि आठवडाभर बोलल्या नाहीत.

मग पुढच्या खोलीत तीन फुटांचा टँक आला. छत्रपती संभाजीनगरहून टँकसाठीचं मीठ आलं, पांढरे सच्छिद्र दगड आले, पाणी फिरवणारा पंप आला. बोअरचं पाणी जड, म्हणून घरातच फिल्टर बसवला आणि त्याच्या साध्या पाण्याचे जार भरून ठेवले. सगळं आलं आणि मासा काही येईना. महिना गेला, दुसरा लागला. मामा रोज बाटलीत टँकचं पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे चार थेंब टाकून रंग बघायचे आणि मान हलवायचे. घाण पचवणारे जंतू दगडांत वाढायचे होते. त्याआधी मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीनं मरणार. हे मला त्यांनी चार वेळा समजावलं. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “रिकाम्या पाण्याला लाइट लावून बसून राह्यले.” पाण्याची टंचाई असताना हे थेर कशाला, असं शेजारी तोंडावर म्हणाले, तेव्हा मात्र मामांनी फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादल्यांत धरून त्यांच्याच पेरूला घालायला सुरुवात केली.

अखेर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आले. मी कोळ्याची मुलगी. मासा म्हणजे पातेल्यात, एवढंच मला ठाऊक. पण त्या दोघांना दगडाआडून बाहेर येताना पाहिलं आणि मी तिथेच जमिनीवर बसले. मामा मागे उभे होते. म्हणाले, “गच्चीवर ऊन असतंय. हितं बसत जा.”

दोन वर्षांनी माझ्या हातून ते सगळं मेलं.

मे महिना होता. मामांची बहीण कुंभार पिंपळगावला आजारी होती, म्हणून ते आठ-नऊ दिवस तिकडे गेले. उन्हाळ्यात पाणी गार राहावं म्हणून टँकवर छोटा पंखा लावलेला असे, आणि त्या वाऱ्यानं पाणी झपाट्यानं उडे. ते फोनवर म्हणाले, “पाणी कमी झालं की भरत जा.” मी भरत गेले. टँकचं पाणी बदलताना लागतं म्हणून कोपऱ्यात मिठाचं पाणी कालवून ठेवलेला ड्रम होता, त्यातून. समुद्रात खारंच पाणी घालायचं, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? समुद्र माझा होता! पाचव्या दिवशी, माशांमागून टँकमध्ये आलेल्या गोगलगायी दगडावरून गळून पडल्या. मग कोळंबी गेली. मासे तळाशी बसून जोरजोरात कल्ले हलवू लागले, तशी मी आणखी एक बादली ओतली... मामा परत आले त्या सकाळी दोन्ही मासे तरंगत होते.

त्यांनी खारेपणाच्या मापकाच्या काचेवर थेंब ठेवला, उजेडाकडे धरून पाहिलं. सत्तेचाळीस. मग ड्रममध्ये डोकावले. ड्रम निम्मा झाला होता. मला वाटलं, आता बोलतील. ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

“उसाचा रस आटवला की साखर जाती का कुठं?”

मी मान हलवली.

“पाणीच जातं. हितं बी तसंच. पाणी उडतं, मीठ राहतं. म्हणून वरून साधं पाणी घालायचं असतंय.”

“मामा, माझ्यामुळे...”

“बिलकुल न्हाई. मी नुसतं ‘पाणी’ म्हनलो. कोणतं, ते बोललोच न्हाई. लॅबमधी असं केलं असतं तर साहेबानं माझी कानउघाडणी केली असती, तुझी न्हाई.”

लग्नानंतर त्या घरात मी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर रडले. माशांसाठी रडायला लागले आणि मग कशाकशासाठी रडत राहिले, मलाच कळेना. मामा उठून गेले नाहीत. आत्यांनी चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर ड्रमवर ‘खारं’ आणि जारवर ‘गोडं’ असं मार्करनं लिहिलेलं. इकडे कुणी साध्या पाण्याला गोडं म्हणत नाही. तो शब्द माझा होता. नवे मासे आणायला त्या खेपेला त्यांनी मलाच नेलं, आणि पिशवी मांडीवर मलाच धरायला दिली.

त्याला आता आठ वर्षं होतील. मामा गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, तेव्हा प्रशांत म्हणाला, “आता हे कोण करणार? दुकानवाल्याला देऊन टाकू.” मी काही बोलायच्या आत आत्याच म्हणाल्या, “न्हाई.” एवढंच. आणि दुसऱ्या सकाळी पदर खोचून माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. “दाखव मला.”

गेल्या रविवारी पाणी बदलून झाल्यावर दोघी टँकसमोर बसलो होतो. आत्या म्हणाल्या, “खरा लई मोठा असंल ना ग?”

“आत्या... तुम्ही पाहिलाच नाही?”

“कधी बघावं? तुला आणाया हे गेल्ते, तव्हा मलाबी चल म्हनले. पण नळ यायचा व्हता. मंग मी थांबले.”

दहा वर्षं त्या घरात मी समुद्रासमोर बसत आले, आणि हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी देवगडला निघतोय. बाबांना कळवलंय. आत्यांची अट एकच होती: तोवर प्रशांतला टँकचं सगळं आलं पाहिजे. म्हणून हल्ली ऑफिसला जायच्या आधी तो हातात गोड्या पाण्याचा मगा घेऊन टँकपाशी उभा असतो, आणि आत्या मागून त्याला सांगत असतात, “हळू... आणखी हळू. त्येंच्यावानी.”